पिकांचें आरोग्य व प्रो. पांडुरंग खानखोजे यांचा मेक्सिकोवास

गेल्या रब्बींत संस्थेच्या मासिक बैठकींत एका सभासद बंधूंनीं असा प्रश्न केला कीं, गव्हावरील तांबेरा येतो तरी कोठून ? उन्हाळ्यांत शेतांत गव्हाचें एक पान शिल्लक राहत नाहीं, जमीन तापून भेगाळते, बियाणें कडक उन्हांत वाळवून बंद केलेलें असतें; असें असतां माघांत पुन्हां तीच विटकरी पूड हाताला कशी लागते ? त्यास जोडून दुसरा प्रश्न असा कीं, एकाच आठवड्यांत पेरलेल्या दोन शेतांपैकीं एकावर तांबेरा तुटून पडतो आणि बांधापलीकडचें शेत हिरवें राहतें, हें कसें ? त्या दिवशीं जें उत्तर दिलें गेलें तें अपुरें होतें. प्रश्नकर्त्यांचें समाधान झालें नाहीं व आमचेंही झालें नाहीं. पुढें यासंबंधीं जें मिळालें तें वाचीत गेलों, तों असें आढळून आलें कीं, या प्रश्नाच्या उत्तराचा माग काढूं गेल्यास ती वाट जपान, अमेरिका व मेक्सिको असा वळसा घेऊन पुन्हां आपल्या मुलखांत येते. त्याच वाटेनें आपल्या वर्ध्याचे एक गृहस्थ गेले होते. त्यांचें नांव पांडुरंग सदाशिव खानखोजे. क्रांतिकारक म्हणून त्यांचें नांव पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु पिकांचे अभ्यासक म्हणून त्यांनीं परदेशीं सुमारें तीस वर्षें काढलीं, हें शेतकऱ्यांस तरी ठाऊक असावयास पाहिजे, म्हणून हा लेख.

खानखोजे यांचा जन्म १८८० नंतरच्या दशकांत झाला. वडील सदाशिवराव हे वर्ध्यास अर्जनवीस होते. (सारा जन्म लोकांचे अर्ज वाचण्यांत व त्यांवर शेरे मारण्यांत गेल्यामुळें आम्हांस हा तपशील जवळचा वाटला.) शिक्षण वर्धा व नागपूर येथें झालें. विद्यार्थिदशेंतच देशस्वातंत्र्याच्या ध्यासानें त्यांना घेरलें आणि १९०६ च्या सुमारास त्यांनीं घर व देश दोन्ही सोडलीं. नागपूरचें शेतकी कॉलेज स्थापन झालें तें १९०६ सालींच. ज्या विद्येसाठीं हा तरुण समुद्र ओलांडून गेला, तिचें एक दालन त्याच सुमारास गांवांत उघडत होतें. परंतु त्याला केवळ विद्या नको होती. जपानमार्गे ते अमेरिकेंत पोहोंचले. तेथें त्यांनीं लष्करी शिक्षण घेतलें व शेतकीचेंही घेतलें. लष्करी शिक्षण कशासाठीं हें सांगणें नलगे. शेतकी मात्र त्यांनीं पोटासाठीं निवडली असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या देशाला स्वतंत्र करावयाचें तो देश शेतकऱ्यांचा आहे, हें वर्ध्याच्या काळ्या जमिनींत वाढलेल्या मुलास वेगळें शिकवावें लागत नाहीं.

अमेरिकेच्या वायव्येस वॉशिंग्टन नांवाचें संस्थान आहे. त्यांतील पुलमन गांवीं सरकारी कॉलेज होतें. तेथें खानखोजे शेतकीचें उच्च शिक्षण घेत होते. या गांवाचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण तें पुन्हां येणार आहे. भोंवतालचा सर्व प्रदेश गव्हाचा. याच कॉलेजांत प्रो. स्पिलमन यांनीं गव्हाचे संकर करून दोन्ही वाणांचे गुण दुसऱ्या पिढींत ठराविक प्रमाणानें वांटले जातात, हें १९०१ मध्यें दाखवून दिलें होतें. ऑस्ट्रियांतील मेंडेल नांवाच्या धर्मोपदेशकानें हाच नियम वाटाण्यावर प्रयोग करून १८६५ मध्यें मांडला होता. पण पस्तीस वर्षें त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलें नाहीं. म्हणजे खानखोजे पुलमनला गेले तेव्हां स्पिलमन तेथून गेलेले असले, तरी बीजशास्त्राची ती नवी दृष्टि त्या कॉलेजांत रुजलेली होती.

पुढील दहा वर्षांचा इतिहास येथें थोडक्यांत सांगतों, कारण तो शेतकीचा नव्हे. १९१३ मध्यें अमेरिकेंत गदर पक्ष स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत खानखोजे यांची गणना होते. पहिल्या महायुद्धांत ते इराणच्या बाजूनें हिंदुस्थानच्या सरहद्दीकडे येण्याच्या खटपटींत होते. तेथें लढाया झाल्या, कैद झाली, सुटका झाली. नंतर बर्लिन आणि १९२१ मध्यें मॉस्को. स्वदेशाचें दार इंग्रज सरकारनें बंद केलेलें. अशा स्थितींत १९२४ मध्यें ते मेक्सिकोंत उतरले आणि मेक्सिको शहराजवळ चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयांत अध्यापक झाले. परदेशीं राहून संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञाची जी मूर्ति आपल्या डोळ्यांपुढें येते, ती अशी कीं, त्याला शिष्यवृत्ति असते, जाण्याचा दिवस ठरलेला असतो व परतण्याचाही. खानखोजे यांच्याजवळ परतीचा दिवस नव्हता. प्रयोगशाळेसाठीं ते मेक्सिकोंत गेले असें म्हणणें खरें होणार नाहीं. ते आश्रयासाठीं गेले आणि तेथें शेत मिळालें. परंतु मिळालेल्या शेतांत सुमारें तीस वर्षें मान खालीं घालून काम करणें हें निव्वळ आश्रिताचें लक्षण नव्हे.

आतां मेक्सिको हा मुलूख कसा आहे तें पाहूं. नकाशांत पाहिल्यास नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेस २१ अंशांवर आहे आणि मेक्सिको शहर १९ अंशांवर. म्हणजे ऊन दोघांचें एकाच पट्ट्यांतलें. पण नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारें ३१० मीटर उंच, तर मेक्सिको शहर सुमारें २,२४० मीटर. त्यामुळें उष्ण कटिबंधांत असूनही तेथें हिवाळ्यांत पिकावर दंव गोठतें. पाऊस आपल्यासारखाच उन्हाळ्याच्या अखेरीपासून चार महिने, आणि तोही भरंवशाचा नाहीं. मका ही मूळची तिकडचीच. आपल्याकडे ज्वारी जशी भाकरीची, तशी तिकडे मका भाकरीची. आणि जसा आपल्याकडे पूर्वीं कोसागणिक ज्वारीचा वाण बदलत असे तसा तेथें खोऱ्याखोऱ्यांतून मक्याचा वाण निराळा. कोठें पांढरी, कोठें पिवळी, कोठें निळी-काळी. मक्याच्या कणसावर काजळीचा रोग येऊन दाणे राखट पिशव्यांसारखे फुगतात. आपण असलें कणीस जाळून टाकूं, तिकडील लोक त्याची भाजी करून आवडीनें खातात. रोग कशाला म्हणावें हेंही थोडेंफार त्या त्या गांवच्या चुलीवर ठरतें, असें यावरून म्हणण्यास हरकत नाहीं.

चापिंगोचें विद्यालय एका मोठ्या जमीनदाराच्या वाड्यांत व शेतांत थाटलेलें होतें. मेक्सिकोंत १९१० मध्यें क्रांति झाली ती मुख्यतः जमिनीवरून झाली. जमीन कसणारा उपाशी आणि मालक राजधानींत, ही गोष्ट आपल्या मालगुजारींत ज्यांच्या आज्यांचे दिवस गेले त्यांना फोड करून सांगावी लागत नाहीं. विद्यालयाचें ब्रीद असें होतें कीं, जमिनीकडून काम करून घ्यावयास शिकवावें, माणसाची पिळवणूक करावयास नव्हे. खानखोजे यांना हें ब्रीद परकें वाटण्याचें कारण नव्हतें. विद्यालयांतील शिकवणें तर त्यांनीं केलेंच. पण ज्या शेतकऱ्यांना वाचतां येत नाहीं, कॉलेजचें फाटक ज्यांना परवडत नाहीं, त्यांच्याकरितां त्यांनीं मुक्त शेतकी शाळा काढल्या. त्यांपैकीं एकीस झापाता या क्रांतिवीराचें नांव दिलेलें होतें. शाळा म्हणजे शेतच. बी कसें निवडावें, जमीन कशी राखावी, हें तेथल्या तेथें हातानें करून दाखवावयाचें. तीना मोदोत्ती या नांवाजलेल्या छायाचित्रकार बाईंनीं या शाळांचीं व त्यांच्या मक्याचीं छायाचित्रें घेतलीं, आणि दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकारानें मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या इमारतींतील भित्तिचित्रांत खानखोजे यांना भाकरी वांटतांना रंगविलें. आपल्या वर्ध्याचा माणूस तेथील सरकारी भिंतीवर पंक्तीच्या मध्यभागीं बसला आहे आणि आपल्या शाळांतील मुलांस त्याचें नांव सांगतां येत नाहीं, ही गोष्ट आम्हांस बोंचते.

संशोधन म्हणून त्यांनीं मका, गहूं व कडधान्यें हातीं घेतलीं. दंव व अवर्षण सोसणारे, रोगास लवकर बळी न पडणारे वाण काढणें हा त्या कामाचा रोख होता. मक्याच्या निरनिराळ्या जातींचे संकर करून त्यांनीं नवे प्रकार काढले. त्यांतील एकास ‘ग्रानादा’ असें नांव आहे, स्पॅनिश भाषेंत त्याचा अर्थ डाळिंब. या कामामागील तत्त्व समजून घेणें आपल्या उपयोगाचें आहे, म्हणून येथें जरा थांबूं.

पीक आजारी पडलें म्हणजे आपण औषधाच्या दुकानाकडे धांवतों. परंतु रोगास तोंड देण्याचें बळ बरेंचसें बियाण्यांतच असतें, आणि तें आईबापांकडून मुलांस यावें तसें येतें. केंब्रिजचे प्रो. बिफेन यांनीं १९०५ मध्यें हें गव्हावर सिद्ध केलें. पिवळ्या तांबेऱ्यास हटकून बळी पडणारा एक गहूं व बळी न पडणारा दुसरा, यांचा त्यांनीं संकर केला. पहिल्या पिढीचें एकूण एक रोप तांबेऱ्यानें माखलें. आपल्यापैकीं कोणी असता तर येथेंच हात टेकून तें बी कोंबड्यांना घातलें असतें. बिफेन यांनीं तेंच बी पुन्हां पेरलें. तेव्हां दुसऱ्या पिढींत दर चार रोपांमागें सुमारें एक रोप स्वच्छ निघालें. गुण नाहींसा झाला नव्हता, झांकला गेला होता. पुढें इतर रोगांत व इतर वाणांत बहुधा याच्या उलट, म्हणजे निरोगीपणाच वरचढ असल्याचें आढळलें. पण एका पिढीवरून निकाल देऊं नये, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

दुसरें उदाहरण जवसाचें आहे, आणि तें विदर्भांतील शेतकऱ्यास अधिक पटेल. अमेरिकेंतील उत्तर डकोटा संस्थानांत जवस मर रोगानें जात असे. एका जमिनींत दोन-तीनदां हें पीक घेतलें कीं पुढें उभें राहतच नसे. तेथील प्रो. बोली यांनीं १८९४ पासून एक तुकडा ठरवून घेतला आणि त्यांत दरवर्षीं जवसच घेतलें, म्हणजे जाणूनबुजून जमीन रोगट केली. बहुतेक झाडें मेलीं. जीं थोडीं वांचलीं त्यांचें बी धरून तें पुन्हां त्याच रोगट जमिनींत टाकलें. असें करतां करतां मर न लागणारे वाण हातीं आले. निरोगी जमिनींत सर्वच झाडें सारखीं दिसतात. रोगट जमिनींत ज्याचें त्याचें वजन कळतें. आपण तुरीच्या मर लागलेल्या पट्ट्यांतून नांगर फिरवून मोकळे होतों, तेव्हां कदाचित् वांचलेलीं दोन झाडेंही त्यांत जात असतील.

आतां सभासद बंधूंच्या मूळ प्रश्नाकडे वळतों. गव्हावर तांबेरा तीन प्रकारचा. काळा तांबेरा विशेषेंकरून खोडावर येतो, नारिंगी पानावर, पिवळा ओळींनीं येतो व त्याला थंडी लागते, म्हणून तो उत्तरेकडे. आपल्याकडे पहिल्या दोघांचेंच भय. ही विटकरी पूड म्हणजे एका बुरशीचे बीजाणु. त्यांपैकीं एकेक कण पानावर पडून, रात्रभर दंवाची ओल मिळाली, तर आंत शिरतो आणि आठ ते चौदा दिवसांत स्वतःचा फोड तयार करून हजारो नवे कण वाऱ्यावर सोडतो. हा रोग जिवंत, हिरव्या झाडावरच जगतो. म्हणून तो आपल्या बियाण्यांतून येत नाहीं, व बियाण्यास औषध चोळल्यानें तांबेरा टळत नाहीं; मध्य प्रांताच्या उन्हाळ्यांत तो मैदानांत जिवंत राहूं शकत नाहीं.

मग तो राहतो कोठें ? आग्रा येथील प्रो. करमचंद मेहता यांनीं १९३० पासून वर्षानुवर्षें याचाच पाठपुरावा केला, आणि असें दाखविलें कीं उन्हाळ्यांत तो हिमालयाच्या व दक्षिणेंत नीलगिरी-पळनीच्या डोंगरांवर आसरा घेतो. तेथें थंडावा असतो व गव्हाचीं हिरवीं झाडें कोणत्याही महिन्यांत सांपडतात. हिंवाळ्याच्या तोंडाशीं बंगालच्या उपसागरांतील वादळी वारे दक्षिणेकडील ते कण उंच उचलून मध्य हिंदुस्थानावर आणतात व पावसाच्या थेंबांबरोबर ते खालीं पडतात, असें पुढील संशोधकांनीं हवामानाशीं ताडून पाहिलें. म्हणजे आपल्या शेतांतील तांबेरा शेजाऱ्याच्या आळसामुळें येत नाहीं. तो शेंकडों कोसांवरून आकाशमार्गानें येतो. १९४६-४७ मध्यें मध्य हिंदुस्थानांत काळ्या तांबेऱ्यानें गव्हाचा जो विध्वंस केला, तो वृद्ध मंडळींच्या बोलण्यांत अजून येतो.

बांधापलीकडचें शेत कां वांचतें, याचेंही उत्तर यांतच आहे. कण दोन्ही शेतांत सारखेच पडतात. परंतु एका शेतांतील वाण त्या कणास आंत शिरूं देत नाहीं किंवा शिरल्यावर वाढूं देत नाहीं. वाण एकच असूनही फरक पडला, तर पेरणीची तारीख पाहावी. उशिरां पेरलेला गहूं उन वाढतांना कोंवळा सांपडतो. युरियाचा हात सैल सोडलेला असला व पाणी वरचेवर दिलेलें असलें, तर पान लुसलुशीत राहून दंव अधिक वेळ टिकतें. यापलीकडे नशिबाचा भाग थोडाच.

येथें एक अभिमानाची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. काळ्या तांबेऱ्याच्याही उपजाति असतात. एका उपजातीस जो गहूं दाद देत नाहीं तोच दुसरीपुढें नांगी टाकतो. कोणती उपजाति आली हें ओळखण्यासाठीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं १९२२ मध्यें बारा गव्हांचा संच ठरविला : प्रत्येकावर रोग टाकून पाहावयाचें व कोणता टिकतो यावरून उपजातीचें नांव ठरवावयाचें. त्या बारांत एकाचें नांव ‘खपली’. सांगली-साताऱ्याकडे व कर्नाटकांत खिरीसाठीं जो खपली गहूं लावतात, तोच तो. जो कांडावा लागतो म्हणून आपण टाकून दिला, तो जगाच्या कसोटीस लागला.

मेक्सिकोंतही काळ्या तांबेऱ्यानें १९३९ ते १९४१ या तीन वर्षांत सोनोरा प्रांतांतील गहूं झोडपून काढला. त्यानंतर १९४३ मध्यें रॉकफेलर फंडाच्या साहाय्यानें तेथें संशोधन सुरू झालें. त्याचें ठाणें चापिंगोलाच होतें. १९४४ मध्यें नॉर्मन बोरलॉग हे त्या कामावर आले. ते मूळचे रोगशास्त्रज्ञ. वर्षांत दोन पिकें घेतां यावीं म्हणून त्यांनीं एक पीक उत्तरेकडील तापट मैदानांत व दुसरें उंच डोंगरी प्रदेशांत, असें बी इकडून तिकडे नेलें. त्यामुळें काम निम्म्या वर्षांत झालें आणि दोन्ही हवामानांतील रोगांशीं गांठ पडून बी पारखलेंही गेलें. १९५६ पर्यंत मेक्सिकोला बाहेरून गहूं आणण्याची गरज उरली नाहीं. बुटकेपणाचा गुण मात्र जपानच्या ‘नोरिन १०’ या गव्हाचा. तो जपानहून अमेरिकेंत आला. पुलमनला व्होगेल यांनीं त्याचे संकर केले. त्यांचें बी मेक्सिकोंत गेलें. आणि तेथून ‘लेर्मा रोहो’ व ‘सोनोरा ६४’ या नांवांनीं हिंदुस्थानांत आलें. १९६६ मध्यें आपल्या सरकारनें १८,००० टन बियाणें एकदम आणविलें. जपान, पुलमन, मेक्सिको, हिंदुस्थान : खानखोजे ज्या वाटेनें गेले व परत आले, तीच ही वाट.

हा योगायोग आहे. याहून अधिक त्यांतून काढूं नये. खानखोजे यांनीं बोरलॉगचा गहूं घडविला असें कांहीं ठिकाणीं सत्काराच्या भरांत बोललें जातें. तसा पुरावा आम्हांस आढळला नाहीं, आणि खानखोजे यांचें मोठेपण त्यावर अवलंबूनही नाहीं. बोरलॉग येण्याच्या वीस वर्षें आधीं चापिंगोच्या शेतांत उभें राहून, रोगाचा उपाय बियाण्यांत आहे व बियाण्याची पारख गरीब शेतकऱ्याच्या हातीं असली पाहिजे, हें ते शिकवीत होते, एवढें निर्विवाद आहे. यांतील दुसरें अर्ध जगानें पुढें फारसें ऐकलें नाहीं, असें आमचें मत आहे.

देश स्वतंत्र झाल्यावर, १९५५ मध्यें, ते बेल्जियन पत्नी व मुलींसह स्वदेशीं परत आले व नागपुरास राहिले. २२ जानेवारी १९६७ रोजीं ते वारले. त्या वेळीं उत्तरेकडे मेक्सिकोच्या बियाण्याचा गहूं शेतांत उभा होता. २०२२ मध्यें चापिंगोच्या विद्यापीठांत त्यांचा पुतळा बसविण्यांत आला व आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांनीं त्याचें अनावरण केलें.

बियाण्याची पारख दुसऱ्यावर सोंपविली म्हणजे काय होतें, हें सांगण्यास आम्ही स्वतः लायक आहों. नोकरींत असतां नुकसानीचे पंचनामे आमच्या हाताखालून शेंकड्यांनीं गेले. रोगाच्या रकान्यांत ‘कीडरोग’ हा एकच शब्द. कोणता रोग, कोणत्या वाणावर, पेरणी केव्हांची, हें आम्हींही कधीं विचारलें नाहीं. निवृत्तीनंतर घरचें शेत पाहूं लागलों. पहिल्याच रब्बींत एका दुकानदारानें ‘सगळे हेंच नेतात’ असें सांगितलें, आणि आम्हीं तिन्ही एकरांत तोच गहूं पेरला. फाल्गुनाच्या आरंभीं पांढरें धोतर शेतांतून फिरतांना गुडघ्यापर्यंत तांबडें झालें. दाणा सुरकुतून जिऱ्यासारखा निघाला. एकरीं बारा क्विंटलांची आशा होती, तेथें पांच आले. दुकानदार खोटें बोलला नव्हता. सगळे तेंच नेत होते, हाच दोष होता.

कारण तांबेऱ्यास एकच वाण मैलोगणती मिळाला म्हणजे त्या वाणास फोडणारी उपजाति आज ना उद्यां पुढें येते. मेक्सिकन वंशाचा ‘कल्याणसोना’ आरंभीं तांबेऱ्यास दाद देत नव्हता. १९७० नंतरच्या वर्षांत नारिंगी तांबेऱ्यानें त्यालाच धरलें. अमेरिकेंत १९७० सालीं बहुतेक संकरित मक्याची मादी एकाच गोताची असल्यामुळें करप्यानें त्या वर्षींच्या पिकाचा सुमारें सातवा हिस्सा नेला. आपल्याकडे २०१७ मध्यें बी.टी. कापसावर गुलाबी बोंडअळीनें जो प्रसंग आणला व २०२३ मध्यें सोयाबीनवर पिवळ्या मोझॅकनें जो आणला, ते रोग-किडीनें निराळे. पण शिवारच्या शिवार एकाच प्रकारच्या पिकानें भरलेलें असणें हें दोन्हीकडे होतें. एक वाण कायमचा निरोगी नसतो. मेक्सिकोच्या खोऱ्याखोऱ्यांतून वाण वेगळा होता म्हणून खानखोजे यांना संकरास माल मिळाला. आपल्या गांवांत आतां तेवढा निवडीस माल उरला आहे काय, याचा विचार ज्यानें त्यानें आपली कणगी उघडून करावा.

येत्या रब्बीसाठीं आम्ही सभासदांस पुढीलप्रमाणें सुचवितों. गव्हाचें क्षेत्र दोन एकरांहून अधिक असल्यास कृषि विद्यापीठानें शिफारस केलेले निदान दोन वाण घ्यावे, एकच नव्हे. बांधाच्या कडेस चार ओळी राखून ठेवाव्या : एक आपल्या नेहमींच्या वाणाची, एक शेजाऱ्याच्या वाणाची, एक जुन्या बन्सीची मिळाल्यास, आणि एक खपलीची. पौषापासून दर आठ दिवसांनीं खालचीं पानें पांढऱ्या रुमालानें पुसून पाहावीं. पूड लागली तो दिवस, ओळ व पेरणीची तारीख वहींत टिपावी. जुन्या मिश्र वाणांत तांबेऱ्याच्या गर्दींत एखादें स्वच्छ झाड दिसल्यास त्याला दोरा बांधून बी वेगळें धरण्यासारखें आहे. विकतच्या शुद्ध वाणांत मात्र तसें झाड बहुधा रोग चुकल्यामुळेंच स्वच्छ राहिलेलें असतें, त्याच्या मागें लागूं नये. फोड दिसतांच, आणि गहूं अजून दाणा भरण्याच्या आधीं असेल तरच, प्रोपिकोनॅझोल २५ ई.सी. हें औषध एक लिटर पाण्यांत एक मिलिलिटर या प्रमाणानें फवारावें. पिवळ्या पडत चाललेल्या शेतावर तो खर्च करूं नये.

रोगट पान बैठकीस आणावयाचें तें प्लास्टिकच्या पिशवींत आणूं नये, त्यांत घाम येऊन दुसरीच बुरशी चढते. वर्तमानपत्राच्या घडींत चपटें ठेवून वर वाणाचें नांव व पेरणीची तारीख लिहावी. खपलीचें थोडें बियाणें आम्हीं मागवून ठेविलें आहे. चार ओळींपुरतें ज्यांना हवें असेल त्यांनीं कोजागिरीच्या आंत संस्थेकडे नांव नोंदवावें.